गॉगलवाले मार्गदर्शक

पिशोरच्या बसस्टँडसमोर तात्यासाहेब काकडे गाडीतून उतरले, कमरेवर हात ठेवून त्यांनी मस्त आळस दिला आणि वर बघितलं, तर वर तेच होते. उजव्या कोपऱ्यात, गॉगल घातलेले. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं ‘मार्गदर्शक’.

स्वतःचा फोटो परक्या चौकात टांगलेला दिसला की माणूस आधी धसकतो. तात्यासाहेबांनी पहिल्यांदा फोटोला हार आहे का, ते बघून घेतलं. नव्हता. मग त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्यावर लगोलग अभिमान वाटला. फोटो म्हैसमाळच्या सहलीतला होता. दुकानाच्या व्हॉट्सॲपला तोच लावलेला असे. कुणीतरी तो तिथून उचलला होता, मागची भाड्याची जीप कापून काढली होती आणि तिच्या जागी उगवता सूर्य बसवला होता.

अभिमान वाटून झाल्यावर त्यांनी मजकूर वाचला. फ्लेक्सच्या मधोमध मोनाली होती. त्यांच्याच दुकानातली मोनाली, कुणाच्या तरी लग्नातल्या मोरपंखी साडीत. ‘आपल्या गावची सुकन्या कु. मोनाली कडुबा साळवे हिने देशातील अत्यंत अवघड अशा कॅट परीक्षेत ९७ मिळवून मॅनेजरच्या मोठ्या शिक्षणाकडे झेप घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ डाव्या बाजूला हात जोडलेले नानासाहेब, ज्यांना यंदा ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं, आणि तळाला शुभेच्छुकांची मुंडकी डाळिंबाच्या दाण्यांसारखी दाटीवाटीनं भरलेली.

तात्यासाहेबांनी ‘झेप’ हा शब्द दोनदा वाचला. झेप म्हणजे जाणं.

त्यांचा धंदा पाण्याच्या मोटारी आणि पाईपांचा, दुकान संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात. तात्यासाहेबांची एक जुनी खोड होती, माणसांची मनातल्या मनात जमा-नावे करून ठेवण्याची. बायको आवडाबाई: जमा बाजूला हाताची चव, नावे बाजूला तोंडाची धार. दुकानातला राजकुमार: जमेला ताकद, नावेला तंबाखू आणि सासुरवाडीची लग्नं. मोनालीचं पान मात्र त्यांना कधीच पुरं करता आलं नव्हतं. तिचे वडील कडुबा पिशोरात जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून देत, तारा आणि सुटे भाग तात्यासाहेबांकडून नेत, आणि त्या ओळखीनंच ती दुकानात आली होती. तेव्हापासून दुकान तीच चालवत होती. मालाची ऑर्डर, कंपनीशी भांडण, गिऱ्हाइकाची समजूत, सगळं. तात्यासाहेब गल्ल्यावर बसून ‘व्हय, बघतो’ एवढं म्हणत. पोरीच्या नावे बाजूला काहीच सापडत नाही म्हटल्यावर त्यांना अधूनमधून धाकधूक वाटे. ती धाकधूक आज दहा फूट उंचीची होऊन चौकात टांगली होती.

“तात्यासाहेब! फ्लेक्सवर हायेत तसेच दिसता!” हॉटेलातून मोतीराम ओरडला. हा पिशोरचाच बागायतदार. “या, च्या घ्या. पोरीचं सोनं केलं तुम्ही.”

“मी कुठं काय...” तात्यासाहेब म्हणाले.

“हेच. मोठी माणसं अशीच बोलत्यात. मी मोटार कन्नडहून उचलणार व्हतो, आता तुमच्याकडूनच घेतो. ठिबकचं सामानही लिहून घ्या. आणि एक इचारायचं व्हतं. माझी धाकटी बी.कॉम. झालीय. तिला पण लावता का दुकानात?”

चहा संपेपर्यंत आणखी दोघांनी पाईप सांगितले. तात्यासाहेबांचा धसका आणि अभिमान यांची अशी काही मिसळ झाली, की गाडीत बसल्यावर आपल्याला राग आलाय का आनंद झालाय, ते त्यांना कन्नड मागं पडलं तरी कळेना.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी मोबाईलवर काढून आणलेला फ्लेक्सचा फोटो मोनालीपुढं धरला.

“हे कोण हाय?”

“तुम्ही.”

“मी नाय. मधली.”

मोनालीनं फोटो मोठा करून बघितला आणि पाईपच्या बंडलावर बसली. “हे कुठं लावलंय?”

“तुमच्या चौकात. लई लांबून दिसतं. सत्त्याण्णव पडले तं मालकाला पेढा नको, निदान बातमी तरी?”

“तात्या, परीक्षा झालीच नाही. नोव्हेंबरात आहे.”

आता तात्यासाहेब खाली बसले. “मग सत्त्याण्णव आले कुठून?”

“मॉकमध्ये. म्हणजे सरावाची परीक्षा. घरी बसून मोबाईलवर देतात. निकाल दिसला आणि तेवढ्यात पप्पांचा फोन आला. मी आनंदात सांगून टाकलं. पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. रडायलाच लागले. मला वाटलं, रविवारी गावी जाऊन नीट सांगू.”

“आणि रविवारच्या आधी नानासाहेब पोचले.” तात्यासाहेबांनी मान डोलावली. “म्हणजे अजून लग्न नाय, तं बारशाचं जेवण उठलं. आणि मला का नाय सांगितलं? रोज दुपारी डबा खाताना पुटपुटायचीस, ते काय हे? मला वाटायचं पोरगी देवाधर्माला लागली.”

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पगार वाढवला असता.”

“मग? वाईट काय?”

“मग माझा अभ्यास थांबला असता.”

मागं राजकुमार फिस्सकन हसला. तात्यासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं, तसा तो घाईघाईनं पाईपांचे एल्बो मोजायला लागला. खरं सांगायचं तर कन्नड ते संभाजीनगर या सबंध रस्त्यात तात्यासाहेबांनी हाच बेत केला होता. पगार, काचेची केबिन, आणि सिल्लोडला शाखा काढून तिची मुखत्यारी. पोरीनं बेत आधीच वाचून ठेवला होता.

मोनालीनं तिथूनच वडिलांना फोन लावला. स्पीकरवर कडुबांचा आवाज आला, “जयभीम, तात्यासाहेब! फोटो बरा आलाय ना? फ्लेक्सवाल्या पोरानं गॉगल काढू का म्हणून इचारलं व्हतं, म्या म्हणलं राहू दे, रुबाब दिसतो.”

“जयभीम, कडुबाभाऊ. रुबाबाचं मागून बोलू.”

“पप्पा, ती सरावाची परीक्षा होती. खरी अजून व्हायचीय. आजच्या आज ते उतरवा.”

पलीकडून कडुबा हळू आवाजात म्हणाले, “उतरवायचं कसं बाई? नानासाहेबांनी सत्काराचा मंडप सांगितलाय. आता उतरवलं तं लोक म्हणतील, कडुबानं गप्पा हाणल्या.” आणि मागोमाग, “तुझी आय शाल सुद्दा घेऊन आली.”

सत्काराला तात्यासाहेबांना जावंच लागलं. मार्गदर्शकाशिवाय सत्कार कसा? मोनालीनं वाटेत निश्चय केला होता, की माईक हातात आला की सगळं खरं सांगून टाकायचं. तिनं सांगितलंही. शाल अंगावर, पुष्पगुच्छ काखेत, अशी उभी राहून ती म्हणाली, “गावकऱ्यांनो, गैरसमज नको. मला मिळाले ते सरावाच्या परीक्षेत. खरी परीक्षा अजून दिलेली नाही.”

मंडपात कुजबुज झाली. मग मागून मोतीराम ओरडला, “सरावातच सत्त्याण्णव! मग खऱ्यात किती पडतील रे?” आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की नानासाहेबांनी उठून जाहीर केलं, खऱ्या निकालाला याच्या दुप्पट फ्लेक्स. मोनाली कपाळाला हात लावून खाली बसली. लोकांना तो नमस्कार वाटला.

त्यानंतर तात्यासाहेबांना उभं केलं. चार शब्द बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडात पाचवा शब्द येतो, आणि घोटाळा तोच करतो. तात्यासाहेब बोलून गेले, “आमच्या दुकानातून पोरगी साहेब होऊनच बाहेर पडंल, हा माझा शब्द.”

परतताना मोनालीनं गाडीत विचारलं,

“तात्या, शब्द कशाला दिलात?”

“तोंडातून गेला.”

“आता मला कमी पडले तर?”

“तं तू इथंच राहशील, आणि माझं कापलेलं नाक पिशोरात राहील,” तात्यासाहेब म्हणाले. बोलल्यावर त्यांना हिशेब स्वच्छ दिसला. फ्लेक्सवर फोटो नसता, तर पोरीला कमी पडण्यात त्यांचा निव्वळ फायदा होता. आता ती पडली तर त्यांच्यासकट पडणार होती, आणि उठली तर दुकान बसणार होतं. असा व्यवहार त्यांनी जन्मात केला नव्हता.

तरी शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवसापासून दुपारी डब्यानंतर मोनालीनं पोटमाळ्यावर अभ्यासाला बसायचं, आणि गल्ला, गिऱ्हाईक, फोन तात्यासाहेबांनी सांभाळायचे, असं ठरलं. पोटमाळ्यावरच्या जुन्या स्टार्टरच्या खोक्यांचं त्यांनी टेबल करून दिलं. पंखा लावला.

खाली मात्र आनंदीआनंद झाला. आपल्याच दुकानात कुठली वस्तू कुठं आहे, हे तात्यासाहेबांना ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकानं फुटव्हॉल्व्ह मागितला की ते राजकुमारकडं बघत, राजकुमार पोटमाळ्याकडं बघे. विहिरीची मोटार मागायला आलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी बोअरची मोटार बांधून दिली. म्हातारा बिडकिनाहून परत आला आणि त्यानं औरंगपुऱ्यातल्या भर गर्दीत विचारलं, “मालक कोन हाय इथं?”

“वर बसलेत,” राजकुमार म्हणाला. “पेपर सोडवायलेत.”

रात्री जेवताना आवडाबाईंनी विचारलं, “दुकान तुमचं का त्या पोरीचं?”

“माझं.”

“मग तुम्ही तिथं नोकरीला लागल्यासारखे दमून का येता?”

तात्यासाहेबांनी भाकरीत तोंड घातलं.

एकदा चहा घेऊन ते स्वतः माळ्यावर गेले. मोनाली कागदावर गोल काढून त्याभोवती अक्षरं मांडत होती. “हे काय?”

“आठ माणसं गोल टेबलाभोवती बसलीत. अ च्या शेजारी ब नाही, क च्या समोर ड आहे. तर ग च्या डावीकडं कोण?”

तात्यासाहेबांनी मनापासून विचार केला. “ब ला अ च्या शेजारी का नाय बसवलं? बोलणं बंद हाय का त्यांचं?”

“तात्या, असं काही नसतं.”

“नसतं कसं? कारण असल्याबिगर पंगतीत कुणी कुणाला लांब बसवत नाय. ब जावई असणार. आधी ते काढ, बाकीचे आपसूक बसतील.”

मोनाली इतकी हसली की पेन्सिल माळ्यावरून खाली राजकुमारच्या डोक्यात पडली. तात्यासाहेब जिना उतरताना विचार करत होते, की ही गेल्यावर पोटमाळ्यावर कोण हसेल. मग त्यांनी स्वतःला बजावलं, मुद्दा फ्लेक्सचा आहे.

परीक्षा रविवारी सकाळी होती, शहराबाहेरच्या एका कॉलेजात. शनिवारी संध्याकाळी कंपनीचा फोन आला. कंपनीतच अडकलेला पाईपांचा ट्रक अखेर निघाला होता आणि रविवारी सकाळीच येणार होता. औरंगपुऱ्याच्या बोळात ट्रक शिरतो तो गर्दीच्या आधी; एकदा दुकानं उघडली की सायकल वळवणं मुश्कील. त्या ट्रकात सगळी पिशोरची ऑर्डर होती, सोमवारी पोचती करायची. हमाल मिळाले असते, पण माल तपासून आकाराप्रमाणं लावून घेणारं माणूस पाहिजे होतं. आणि राजकुमार नेमका मेव्हणीच्या लग्नाला गेला होता.

मोनालीनं फोन ठेवला. “तात्या, मी उद्या नाही जात. पुढच्या वर्षी देते. एवढा माल तुम्हाला एकट्यानं नाही जमणार.”

तात्यासाहेब गल्ल्यावर बसून राहिले. त्यांच्या डोक्यात हिशेब आपोआप चालू झाला. पोरगी स्वतःच्या तोंडानं राहते म्हणते. पिशोरला सांगायला कारण सच्चं: दुकानाची अडचण आली, पोरीनं मालकासाठी परीक्षा सोडली. लोक तिला नावं ठेवणार नाहीत, आपल्यालाही नाहीत. उलट आणखी एक सत्कार होईल. फ्लेक्सही राहतो, मोनालीही राहते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोन्ही बाजूंना जमा दिसत होती. त्यांना करायचं काहीच नव्हतं. नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं.

ते ‘बरं’ म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. चेहरा अगदी शांत होता, पण अंगठा मात्र हॉलतिकिटाचा एक कोपरा गोल गोल चोळत होता. कोपरा पार झिजला होता. आजचं चोळणं नव्हतं ते.

“पोरी,” तात्यासाहेब एकदम खेकसले, “तू यायच्या आधी हे दुकान काय भुतं चालवत होती?”

“तसं नाही, पण...”

“पण बिण काय नाय. घरी जा, जेव, झोप. उद्या सकाळी दुकानाच्या आसपास दिसलीस ना, तं नानासाहेबाला सांगून फ्लेक्सवर माझा बिनगॉगलचा फोटो लावायला लावीन.”

“आणि ट्रक?”

“ट्रकला काय कॅट द्यायचीय? उतरून घेतो.”

रविवारी त्यांनी ट्रक उतरवून घेतला. कसा, ते सोमवारी मोनाली आली तेव्हा दिसलं. अडीच इंची पाईप तीन इंचीच्या रॅकमध्ये होते, तीन इंची दारात होते, आणि पाईप जोडायच्या कपलरची पोती पोटमाळ्यावर तिच्या खोक्यांच्या टेबलावर चढली होती. तात्यासाहेबांच्या कमरेला पट्टा होता. मोनालीनं ओढणी खोचली आणि माल लावायला घेतला.

“पेपर कसा गेला?” तात्यासाहेबांनी बऱ्याच वेळानं विचारलं.

“बरा.”

“बरा म्हणजे? पिशोरला बरा कळत नाय. आकडा पाहिजे त्यांना.”

“गणित चांगलं गेलं. उतारे अवघड होते. आणि गोल टेबलाचा प्रश्न आला होता.”

“मग?”

“जावई सापडला नाही.”

निकाल आला तो चौऱ्याण्णवचा. मोनालीच्या अंदाजानं तेवढ्यात काम होणार होतं, आणि पुढच्या मुलाखती धरून ते झालंही. नागपूरला प्रवेश मिळाला. पण निकालाच्या दिवशी कडुबांचा फोन आला तो काळजीचाच.

“तात्यासाहेब, फ्लेक्सवर सत्त्याण्णव छापलंय. लोक इचारायलेत, तीन कुठं गेले?”

“मालकानं घेतले म्हणून सांगा,” तात्यासाहेब म्हणाले. “ट्रकची काळजी डोक्यात घालून पोरीला परीक्षेला पाठवली, त्याचे तीन गेले. माझ्या नावे टाका.”

कडुबांनी ते तसंच चौकात सांगितलं आणि पिशोरनं ते मान्य केलं. दुप्पट फ्लेक्स लागला. त्यात तात्यासाहेब आणि त्यांचा गॉगल, दोघंही दुप्पट झाले.

जाण्याआधी मोनालीनं एक काम केलं. दुकानातल्या एकेका रॅकवर रंगानं मोठ्या अक्षरांत आकार लिहिले, तात्यासाहेबांना गॉगल लावूनही वाचता येतील एवढे. शेवटच्या दिवशी ती आवडाबाईंच्या पाया पडली, तात्यासाहेबांच्या पडायला वाकली, तसे ते म्हणाले, “अगं व्हय व्हय, सावकाश, दारात पाईप हायेत.” मग बराच वेळ ते त्या पाईपांशीच काहीतरी करत राहिले. मोनालीची रिक्षा गुलमंडीच्या बाजूला वळली तेव्हा राजकुमारनं तंबाखू मळली आणि, कधी नव्हे ते, मालकाला विचारली. मालकानं घेतली.

त्या रात्री तात्यासाहेबांनी मोनालीचं पान मनातल्या मनात पुरं करायला घेतलं. नावे बाजूला काय लिहावं, ते कळेना. शेवटी त्यांनी ‘गेली’ एवढंच लिहिलं.

पुढच्या सोमवारी त्यांनी शटर वर केलं, तर पायरीवर मोतीराम. शेजारी त्याची धाकटी, सोनिया, मांडीवर पिशवी घेऊन. मागं चिंचोली आणि फर्दापूरकडची आणखी दोन घरं, एकेक शिकलेलं लेकरू घेऊन उभी.

“हे काय मोतीराम? मोटार बिघडली का?”

“मोटार ब्येस हाय. पोरीला आणलंय. तुमच्या हाताखाली लावा, तिचं भलं व्हईल. समद्या तालुक्यात नाव हाय तुमचं.”

“अरे, मी काय नाय केलं! दुकान हाय हे, क्लास नाय!”

“बघा,” मोतीराम मागच्या लोकांकडं वळून कौतुकानं म्हणाला, “म्या सांगितलं व्हतं ना, असंच बोलत्यात.”

तात्यासाहेबांचा हिशेब सुरू झाला. हीसुद्धा शिकणार, दुकान शिकणार, पार सगळं हातात घेणार, आणि एक दिवस झेप घेणार. धंद्याच्या दृष्टीनं चक्क तोटा. त्यांनी पोरीकडं बघितलं. ती त्यांच्याकडं बघतच नव्हती. दारातून आत मान घालून रॅकवरची अक्षरं वाचत होती.

“त्या तीन इंचीत एक अडीच इंची घुसलाय,” ती म्हणाली.

तात्यासाहेबांनी वळून बघितलं. घुसला होता. त्यांनी एक उसासा सोडला.

“परीक्षा कोणती?”

“बँकेची, सर.”

“सर नाय, तात्या म्हण. दुपारी डब्यानंतर पोटमाळा तुझा. पंखा चालू हाय, खोकी हायेत. पण एक अट हाय.”

“काय?” मोतीरामनंच घाईनं विचारलं.

“सरावाच्या परीक्षेचे मार्क बापाला सांगायचे नाय.”

मोतीरामचा चेहरा पडला. तात्यासाहेबांनी किल्ल्यांचा जुडगा खुंटीला अडकवला, गल्ल्यावर बसले आणि जरा विचार करून म्हणाले,

“आणि सांगितलेच, तं फोटो माझ्याकडून मागून न्यायचा. आवडाबाईनं चांगला काढून ठेवलाय. बिनगॉगलचा.”